संस्थेचे बोधचिन्ह वेबसाइटवर लावताना

संस्थेची वेबसाइट करायला घेतली की करणारा सगळ्यात आधी लोगोची फाइल मागतो. कार्यालयातून त्याला मिळते ते बहुधा लेटरहेडचे स्कॅन, नाहीतर चार ग्रुपांतून फिरत आलेला जेपीजी. पुढे जे काही बिघडते, म्हणजे भोवतीची पांढरी चौकट, भडक झालेला केशरी, वेलांटी छाटलेले नाव, त्याचे मूळ इथेच असते. म्हणून पानावर लोगो कुठे आणि केवढा हा प्रश्न नंतरचा, आधी मूळ फाइल हातात घ्या. महाविद्यालय असो, सार्वजनिक ग्रंथालय असो, सहकारी बँक असो की धर्मादाय न्यास, खालच्या गोष्टी सगळ्यांनाच लागू पडतात.

मूळ फाइल

ज्या प्रिंटरने किंवा डीटीपीवाल्याने लेटरहेड केले त्याच्याकडे कोरलड्रॉची किंवा इलस्ट्रेटरची फाइल असते. तीच मागा. पीडीएफही चालेल, पण ती त्या सॉफ्टवेअरमधून थेट काढलेली हवी. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये नुसते चित्र असते. फरक ओळखणे सोपे आहे. पीडीएफ ८०० टक्के मोठी करून पाहा. कडा धारदार राहिल्या तर फाइल व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली आहे, पायऱ्यापायऱ्या दिसल्या तर नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप आकार आणि दर्जा दोन्ही उतरवतो, आणि पारदर्शक पार्श्वभूमीही जाते.

मराठी लोगोंची एक खास अडचण आहे. जुने बरेचसे काम श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत झालेले आहे. या फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की संस्थेच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून मूळ संगणकावरच फाइल उघडून सगळी अक्षरे निवडायची आणि ती कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या रेषाकृतींत बदलायची. कोरलड्रॉमध्ये त्याला ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ म्हणतात (कंट्रोल आणि क्यू), इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ (कंट्रोल, शिफ्ट आणि ओ). युनिकोड फाँट असला तरी हे करायचेच. फाँट सापडला नाही तर संगणक स्वतःच्या मनाने दुसरा लावतो आणि अक्षरांचे वळण, जोडाक्षरांची मांडणी सगळेच बदलते. कर्व्ह करण्याआधीची एक प्रत वेगळी ठेवा. पुढे कधी नावात बदल झाला तर तीच लागेल.

मूळ फाइल कुठेच सापडली नाही तर लोगो हाताने पुन्हा काढून घ्या. स्कॅनवर ऑटो ट्रेस, म्हणजे चित्राच्या आपोआप रेषा करणारे साधन चालवण्याचा मोह होतो, पण त्याने ‘क्ष’ आणि ‘श्र’चे गठ्ठे होतात, सरळ रेषा थरथरतात आणि साध्या वर्तुळाला चार बिंदूंऐवजी शेकडो बिंदू येतात. चांगल्या डिझायनरला हे काम काही तासांचे असते, आणि ते एकदाच करावे लागते.

आता रंग. छपाईची फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) असते, पडदा आरजीबीवर (लाल, हिरवा, निळा प्रकाश) चालतो. सीएमवायके जेपीजी तशीच चढवली तर रंग कधी मळके तर कधी डोळ्यांत खुपणारे दिसतात, आणि वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये वेगवेगळे. फाइल एसआरजीबीमध्ये, म्हणजे आरजीबीच्या वेबवरच्या नेहमीच्या प्रकारात बदला आणि प्रत्येक रंगाचे आकडे एकदाच लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘केशरी: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१’. नुसते ‘केशरी’ लिहिले तर तीन वर्षांत तीन केशरी तयार होतात.

वेबसाठी मुख्य फाइल एसव्हीजी, म्हणजे वेबवर चालणारी व्हेक्टर फाइल ठेवा. कोणत्याही पडद्यावर धारदार राहते आणि साध्या लोगोला १० ते २० केबी पुरतात. फाइल ३०० केबीच्या पुढे गेली तर समजा की आत गडबड आहे. कोरलमधून एसव्हीजी काढताना पुष्कळदा आत जेपीजीच चिकटवलेले येते. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. रेषांच्या आकड्यांऐवजी इमेज टॅग आणि त्यामागे न संपणारी अक्षरांची माळ दिसली तर ती फाइल नावापुरतीच एसव्हीजी आहे. तिथेच ‘व्ह्यूबॉक्स’ (viewBox, चित्राची चौकट सांगणारा) हा शब्द आहे का तेही पाहा. फाइल हलकी करणारी काही साधने तो काढून टाकतात, आणि मग लोगो लहानमोठा होण्याऐवजी कापला जातो.

वेबसाइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर ती एसव्हीजी थेट चढवू देत नाही, कारण या फाइलमध्ये स्क्रिप्ट दडवता येते. ही अडवणूक योग्यच आहे. फाइल तपासून स्वच्छ करणारे प्लगइन वापरा, नाहीतर पारदर्शक पीएनजी लावा. पीएनजी लावायची तर दिसण्याच्या उंचीच्या तिप्पट उंचीची हवी: पानावर ४८ पिक्सेल दिसणार असेल तर फाइल १४४ पिक्सेल. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर त्याहून लहान फाइल पुसट दिसते.

गोल मुद्रेचा हिशेब

आपल्याकडच्या जुन्या संस्थांची बोधचिन्हे बहुतेक गोल असतात. मध्ये दिवा, पुस्तक किंवा कमळ, आणि कडेने संस्थेचे नाव, ब्रीदवाक्य, स्थापनेचे वर्ष. प्रमाणपत्रावर हे छान दिसते. वेबसाइटच्या माथ्यावर तेच चिन्ह ६४ पिक्सेलमध्ये बसवले की काय होते ते मोजून पाहू.

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवर समईभोवती श्लोक आहे: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’. अनुष्टुभ, म्हणजे ३२ अक्षरे. एवढाच मजकूर गोल कडेने मावायचा आहे असे धरा. ६४ पिक्सेलच्या चिन्हात अक्षरांच्या कड्याचा व्यास साधारण ५६ पिक्सेल असतो, म्हणून परीघ सुमारे १७६. त्याला ३२ने भागले की एका अक्षराला साडेपाच पिक्सेल मिळतात. ‘र्धि’, ‘ष्णु’, ‘ष्ट्र’ साडेपाच पिक्सेलमध्ये काढणे शक्यच नाही. तिथे नुसते ठिपके दिसतात. एका अक्षराला निदान १२ पिक्सेल द्यायचे तर परीघ ३८४ हवा, म्हणजे संपूर्ण चिन्ह जवळजवळ १४० पिक्सेलचे. एवढे मोठे चिन्ह कोणत्याही पानाच्या माथ्यावर बसत नाही, मोबाइलवर तर नाहीच.

म्हणून गोल मुद्रा असलेल्या संस्थेने तीन आवृत्त्या अधिकृतपणे मंजूर करून घ्याव्यात. पूर्ण मुद्रा १४० पिक्सेलच्या वर, म्हणजे ‘संस्थेविषयी’चे पान, प्रमाणपत्रे आणि अहवाल यांसाठी. दुसऱ्या आवृत्तीत कडेचा मजकूर काढलेले मधले चिन्ह आणि शेजारी सरळ ओळीत संस्थेचे नाव, ही माथ्यावर. तिसरी आवृत्ती नुसत्या चिन्हाची, बारीक रेषा काढून टाकलेली, ब्राउझरच्या टॅबसाठी. हिशेब आपल्या अक्षरसंख्येने पुन्हा करा; नाव आखूड असेल तर १४०चा आकडा खाली येईल. कार्यकारिणीत ही मंजुरी इतिवृत्तात नोंदवून घेतली तर बरे, नाहीतर ‘मुद्रा अर्धवट का लावली’ हा प्रश्न दर सर्वसाधारण सभेत येतो.

देवनागरी नावाची मापे

लोगोभोवती मोकळी जागा सोडायची हे सगळ्यांना माहीत असते, ती कुठून मोजायची इथे चूक होते. इंग्रजी नियमावल्या मोठ्या (कॅपिटल) अक्षराच्या उंचीवर चालतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार लोंबतात. मोकळी जागा या टोकांपासून मोजा, शिरोरेषेपासून नको. एक सोपे माप: शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची हा एक एकक, आणि चारही बाजूंनी एक एकक मोकळे. त्या जागेत ना मेनू, ना फोन नंबर, ना ‘नवीन’ लिहिलेली उघडमीट करणारी पट्टी.

फाइल कापतानाही हेच सांभाळा. डिझायनरने आर्टबोर्ड (फाइलची चौकट) शिरोरेषेला चिकटवला असेल तर ‘की’ची वेलांटी वरून भुंडी होते. आणि नाव चिन्हाशेजारी उभ्या मध्यावर आणताना मोजमापावर विसंबू नका. नावात एकच उकार असला तरी चौकट खाली वाढते आणि मोजून मध्यावर आणलेले नाव डोळ्यांना वर सरकलेले दिसते. शिरोरेषा आणि तळरेषा यांचा मध्य चिन्हाच्या मध्याशी जुळवा. उकार-वेलांट्यांना बाहेर राहू द्या.

नाव चित्रात न ठेवता पानावर मजकूर म्हणून लिहिणार असाल तर ‘ल’ आणि ‘श’ तपासा. पुष्कळ युनिकोड फाँट मुळात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाण केली, त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत. काही फाँटांत दोन्ही रूपे असतात. पानाची भाषा एचटीएमएलमध्ये ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी रूप आपोआप येते. लोगोत एक ‘ल’ आणि शेजारच्या नावात दुसरा ‘ल’, हे अनेक संस्थांच्या पानांवर दिसते.

पानावर जागा आणि माप

डावीकडे वर, प्रत्येक पानावर त्याच जागी, आणि टिचकी मारली की मुखपृष्ठ. वाचकाला याची सवय आहे, ती मोडू नका. उंची संगणकावर ४८ ते ६४ पिक्सेल, मोबाइलवर ३२ ते ४०. पान खाली सरकवल्यावर माथा आक्रसत असेल तर पूर्ण नावाऐवजी नुसते चिन्ह दाखवा, अख्खा लोगो चिमटून लहान करू नका.

इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही लिहा आणि सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) उंची ठरवून रुंदी ‘ऑटो’ ठेवा. टॅगमधले आकडे नसतील तर लोगो उशिरा उतरताना खालचा मजकूर धपकन सरकतो. नेट मंद असलेल्या गावात हे फार जाणवते. रुंदी-उंची दोन्ही सीएसएसमध्ये ठोकून दिली तर अरुंद पडद्यावर गोल मुद्रा अंडाकृती होते. आणि माथ्यावरच्या लोगोला ‘लेझी लोडिंग’, म्हणजे चित्र उशिरा उतरवण्याची सोय लावू नका. ती सोय पानाच्या खालच्या चित्रांसाठी आहे.

एसव्हीजी थेट पानाच्या कोडमध्ये टाकत असाल तर एक फसवी चूक होते. लोगोत उतरती छटा (ग्रेडियंट) असेल तर कोडमध्ये तिला एक आयडी, म्हणजे ओळखनाव असते. तोच लोगो माथ्यावर आणि तळाशी दोनदा टाकला की दोन्हींचा आयडी एक होतो. मोबाइलवर माथ्याचा लोगो लपवला की तळाच्या लोगोचा रंगही नाहीसा होतो. दोन्ही ठिकाणी आयडी वेगळे द्या.

ऑल्ट मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, ‘लोगो’ किंवा ‘इमेज १’ लिहू नका. लोगो मुखपृष्ठाचा दुवा असेल तर ऑल्टमध्ये संस्थेचे पूर्ण नाव आणि ‘मुखपृष्ठ’ एवढे लिहा. त्याच दुव्यात शेजारी नाव मजकूर म्हणून असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, म्हणजे पडदावाचक (अंधांसाठी पान मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) तेच नाव दोनदा वाचणार नाही. टॅगमधून ऑल्ट काढून टाकू नका, रिकामा ठेवा. काढून टाकले तर काही पडदावाचक फाइलचे नाव वाचतात. अंध वाचकासाठी हा मजकूर म्हणजेच तुमची पाटी.

पार्श्वभूमी आणि डार्क मोड

लोगो पांढऱ्यावर, गडद रंगावर आणि एकरंगी, अशा तीन फाइली हव्यात. गडद पट्टीवर पांढऱ्या चौकटीतला जेपीजी ठेवणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. फोटोवर लोगो ठेवू नका. ठेवावाच लागला तर फोटोचा सपाट भाग निवडा आणि एकरंगी आवृत्ती वापरा. सावली, चकाकी, फिरणारा लोगो, सणासुदीला त्यावर बसवलेली तोरणे, हे सगळे टाळा.

वाचकाने मोबाइल डार्क मोडवर ठेवला असेल तर रंग उलटे करणारा फिल्टर लोगोला लावू नका. केशरीचा निळा होतो, आणि चिन्हात एखाद्या व्यक्तीचा चेहरा असेल तर तो फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो. पिक्चर टॅगमधून गडद पार्श्वभूमीची फाइल वेगळी द्या. अक्षरे लोगोचा भाग असतील तर सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात त्यांना कॉन्ट्रास्टच्या अटीतून सूट आहे, पण पिवळ्यावर पांढरे नाव वाचता येत नाही ते नाहीच.

टॅब, मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप

टॅबमधला आयकॉन १६ किंवा ३२ पिक्सेलचा असतो. तिथे नावाचा आग्रह सोडा. लागणाऱ्या फाइली अशा: आयको स्वरूपात ३२ पिक्सेल, आयफोनसाठी १८० पिक्सेलचा चौरस, अँड्रॉइडसाठी १९२ आणि ५१२. आयफोनची फाइल पारदर्शक ठेवली तर तो मागे काळा रंग भरतो, म्हणून तिला भरीव पार्श्वभूमी द्या. अँड्रॉइडवर काही फोन आयकॉन गोल कापतात, तेव्हा महत्त्वाचे सगळे मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात ठेवा. गूगलच्या शोधनिकालात दिसण्यासाठी आयकॉन चौरस आणि ४८ पिक्सेलपेक्षा मोठा असलेला बरा, आणि संस्थेच्या माहितीसोबत देण्याचा लोगो निदान ११२ बाय ११२, पांढऱ्यावर नीट दिसणारा.

दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की जे चित्र दिसते ते ओपन ग्राफचे, म्हणजे दुव्यासोबत काय दिसावे हे सांगणाऱ्या पानाच्या कोडमधल्या नोंदीतले. ते १२०० बाय ६३० पिक्सेलचे, पीएनजी किंवा जेपीजी, ३०० केबीच्या आत ठेवा. एसव्हीजी इथे चालत नाही. काही ठिकाणी हे चित्र चौरस कापले जाते, म्हणून लोगो मधल्या ६३० पिक्सेलच्या चौकोनात बसवा. चित्राचा पत्ता संकेतस्थळाच्या नावासकट पूर्ण लिहा. अर्धा पत्ता लिहिला म्हणून चित्र येत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. ईमेलच्या सहीतही पीएनजीच लावा, जीमेल एसव्हीजी दाखवत नाही.

दुसऱ्यांची चिन्हे आपल्या पानावर

इथे चूक झाली तर ती कायद्याची असते, म्हणून जरा सविस्तर.

भारताचे राजचिन्ह, म्हणजे सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेले आणि २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेले चिन्ह, खासगी संस्थेला, न्यासाला, संघटनेला लावता येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे किंवा सरकारी अनुदान मिळते एवढ्याने तो हक्क येत नाही. २००५च्या कायद्यात गैरवापरासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ज्या शासकीय कार्यालयांना हक्क आहे त्यांनीही खालचे ‘सत्यमेव जयते’ कापू नये. त्याशिवाय चिन्ह अपुरे आहे, आणि लहान मापात नेमके तेच आधी गळते.

राज्य शासनाची मुद्रा १९५०च्या चिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत येते. त्याच अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रेही आहेत. व्यापार-व्यवसायासाठी ती वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. व्यावसायिक संस्थेच्या लोगोत महाराजांची प्रतिमा घेण्याचा विचार असेल तर आधी हे वाचा.

पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रुग्णालयाचे सामान्य चिन्ह नाही. ते रेडक्रॉसचे आणि सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेचे आहे, आणि १९६०च्या जिनिव्हा करार कायद्याने राखलेले आहे. दवाखान्याच्या वेबसाइटवर दुसरे चिन्ह घ्या.

‘आयएसओ मानांकित’ लिहून शेजारी त्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा लोगो लावलेल्या शाळा आणि ग्रामपंचायती पुष्कळ आहेत. ती संघटना स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही आणि प्रमाणपत्रासोबत आपला लोगो वापरू देत नाही. लिहायचे ते ‘आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित’, आणि चिन्ह लावायचे तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे, तिच्या अटींनुसार. सोबत मुदत लिहा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या श्रेणीचेही तसेच: कालावधी संपला की त्याच दिवशी पानावरून उतरवा.

ठेव विमा महामंडळाने विम्याखालील बँकांना १ सप्टेंबर २०२३ पासून आपले बोधचिन्ह आणि क्यूआर कोड वेबसाइटवर ठळक दाखवायला सांगितले आहे. नागरी सहकारी बँकांनी ते जरूर तपासावे. पतसंस्था या विम्यात येत नाहीत. पतसंस्थेच्या पानावर ते चिन्ह दिसले तर ठेवीदाराची सरळ फसवणूक होते, मग ते कुणी नकळत नक्कल करताना आणलेले का असेना.

प्रायोजक किंवा सहयोगी संस्थांचे लोगो एका ओळीत लावताना सगळ्यांची उंची सारखी ठेवू नका. लांबट लोगो बाकीच्यांना झाकून टाकतो. क्षेत्रफळ सारखे ठेवा. चौरस लोगो ६४ बाय ६४ असेल तर चौपट लांबट लोगो १२८ बाय ३२, दोन्हींचे ४०९६. परवानगी ईमेलवर घ्या, फाइल त्यांच्याकडूनच घेऊन आपल्या सर्व्हरवर ठेवा, आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा लोगो राखाडी करू नका.

लोगो बदलला की

फाइलचे नाव बदलून नवी चढवा. त्याच नावाने चढवली तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठलेला जुना लोगो कित्येक दिवस दिसत राहतो. टॅबचा आयकॉन तर सगळ्यात चिवट. मग जुना लोगो कुठे कुठे राहतो ते पाहा: प्रवेश अर्जाची पीडीएफ, फी भरण्याचे पान, ४०४चे पान, ईमेलच्या सह्या, यूट्यूब आणि गूगल मॅप्सवरचे खाते. फी भरण्याच्या पानावर जुना आणि मुखपृष्ठावर नवा लोगो असेल तर पालकाला पान खोटे वाटते, आणि पैसे भरताना त्याने असे थबकणे योग्यच आहे.

शेवटचे काम म्हणजे वेबसाइटवर ‘बोधचिन्ह’ नावाचे एक पान. वर्तमानपत्रे, फ्लेक्सवाले, कार्यक्रमाचे आयोजक यांनी तुमचा लोगो गूगलवरून उचलू नये यासाठी ते लागते. तिथे एक झिप ठेवा: तिन्ही आवृत्त्यांची एसव्हीजी, १००० पिक्सेल रुंदीची पारदर्शक पीएनजी, छपाईसाठी सीएमवायके पीडीएफ आणि रंगांचे आकडे असलेला एक कागद. फाइलींची नावे रोमन लहान अक्षरांत, जागा न सोडता द्या. देवनागरी नावे झिप उघडताना काही संगणकांवर बिघडतात. पानावर परवानगीसाठी पदनामाचा ईमेल द्या, व्यक्तीचा नको. सचिव बदलले तरी पत्ता तोच राहील.